पिल्लाच्या नावावर वावरणारा मासा

१९८३ साली होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जॉन रँडल आणि कॅनडाचे ॲलन एमरी या दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या मध्यावरील चागोस द्वीपसमूहातून मिळालेल्या एका लहानशा माशाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘सिरिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस’, म्हणजे तांबड्या खवल्यांचा सिरिलॅब्रस, असे नाव दिले. या वर्णनाला आधार एकाच नमुन्याचा होता, आणि तो नमुनाही पूर्ण वाढलेल्या माशाचा नसून पिल्लाचा होता. पुढे १९९० च्या दशकात मालदीवच्या खोल पाण्यातून त्याच्याशी जवळीक दाखवणारे, पण पूर्ण वाढलेले मासे हाती आले, तेव्हा चागोसच्या पिल्लाचे हेच मोठेपणीचे रूप असावे असे मानले गेले आणि मालदीवचा मासा त्या नावाने ओळखला जाऊ लागला. वीस वर्षांहून अधिक काळ हा समज टिकला. शोभेच्या माशांच्या व्यापारात तो याच नावाने विकला गेला, छायाचित्रांखाली हेच नाव छापले गेले, आणि मार्च २०२२ मध्ये ‘झूकीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने तो मासा वेगळ्याच जातीचा असल्याचे दाखवून दिले तेव्हा जगाला एक ‘नवी’ जाती मिळाली, जी पाहणाऱ्यांनी कितीतरी वेळा पाहिलेली होती.

प्रवाळ भित्तींवरील लहान माशांच्या बाबतीत असे वारंवार घडते. अज्ञात समुद्रात बुडी मारावी आणि आजवर कोणी न पाहिलेला जीव हाती यावा, ही नव्या जातीच्या शोधाची लोकप्रिय कल्पना सर्वस्वी खोटी नाही, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे बुडी मारावी लागतेच. पण शोधाचा मोठा भाग संग्रहालयातील बरण्या, जुनी वर्णने आणि मोजमापांचे तक्ते यांच्या सान्निध्यात पार पडतो, आणि तेथे मुख्य प्रश्न असतो तो हाच, की समोरच्या माशाला लावलेले नाव खरोखर त्याचे आहे काय.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. बोलीभाषेत ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द सरमिसळ करून वापरले जात असले तरी मराठी शास्त्रीय लेखनात एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या अनेक जातींच्या गटाला प्रजाती म्हणण्याची रीत आहे आणि तीच या प्रकरणात पाळली आहे. प्राण्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. सिरिलॅब्रस ही लॅब्रिडी या मोठ्या मत्स्यकुलातील प्रजाती असून तिच्यात साठाहून अधिक जाती मोडतात. मत्स्यालय बाळगणाऱ्यांत हे मासे ‘फेअरी रास’ या नावाने परिचित आहेत. बोटभर लांबीचे, निमुळत्या अंगाचे हे मासे प्रवाळ भित्तीच्या उतारावर, विशेषतः मोडक्या प्रवाळांचा खच पडलेला असतो तेथे, थव्याने राहतात, तळापासून थोडे वर तरंगत पाण्याबरोबर वाहत येणारे प्लवक, म्हणजे सूक्ष्म तरंगते जीव, टिपून खातात आणि धोका जाणवताच त्या खचातील फटींत शिरतात.

या माशांचे जीवनचक्र त्यांच्या वर्गीकरणातील बऱ्याचशा गोंधळाच्या मुळाशी आहे. फेअरी रास प्रथम मादी म्हणून वाढतो. एका नराच्या आधिपत्याखाली अनेक माद्या असतात, आणि नर नाहीसा झाला की मोठ्या माद्यांपैकी एखादीचे नरात रूपांतर होते. हा बदल केवळ वर्तनापुरता न राहता जननग्रंथींपासून रंगापर्यंत सर्व शरीरात होतो. पिल्ले आणि तरुण माद्या बहुधा तांबूस, फारशा खुणा नसलेल्या असतात, आणि अनेक जातींत त्या परस्परांसारख्या दिसतात. नर मात्र गुलाबी, जांभळा, पिवळा, निळा अशा झगझगीत रंगांचे असतात आणि माद्यांसमोर मिरवताना सर्व पर ताणून, अंगावरील रंग क्षणार्धात उजळवून दाखवतात. म्हणजे जातीजातींतील फरक सर्वांत ठळकपणे नरांत दिसतो. केवळ पिल्लाच्या आधारे नाव दिलेल्या जातीचा पूर्ण वाढलेला नर कसा असेल, याचे उत्तर त्या पिल्लाच्या अंगावर लिहिलेले नसते. रँडल यांच्यासारख्या, आपल्या दीर्घ आयुष्यात ८०० हून अधिक मत्स्यजातींची वर्णने केलेल्या संशोधकाने एका पिल्लाच्या भरवशावर जाती जाहीर केली, हे आज घाईचे वाटू शकेल. परंतु तो मासा ज्ञात जातींहून वेगळा आहे हा त्यांचा निष्कर्ष अचूकच होता, आणि चागोससारख्या दुर्गम ठिकाणाहून दुसरा नमुना कधी मिळेल याची खात्री नसताना वर्णन लांबवणे हा काही अधिक शहाणपणाचा मार्ग ठरला नसता. चूक झाली ती नंतर, आणि तीही कोणा एकाची नव्हे.

मालदीवच्या माशाविषयी शंका बळावण्याचे एक कारण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळाले. टांझानियातील झांझिबारजवळ पन्नास मीटरहून खोल असलेल्या प्रवाळ भित्तींवर संशोधकांना गडद जांभळ्या खवल्यांचा एक फेअरी रास सापडला आणि २०१९ मध्ये त्याला ‘सिरिलॅब्रस वकांडा’ असे नाव देण्यात आले. ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटातील जगापासून लपलेल्या आफ्रिकी देशाचे ते नाव आहे. या माशाच्या खवल्यांतील जांभळा रंग इतका पक्का असतो की तो जतन करण्याच्या द्रवातही टिकून राहतो, जे माशांच्या बाबतीत क्वचित घडते. वकांडा हा रुब्रिस्क्वामिसचा जवळचा नातलग ठरला, आणि तेव्हा साहजिकच असा प्रश्न उभा राहिला, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याच गटातील एक स्वतंत्र जाती असेल, तर मालदीव आणि चागोस येथील मासे एकच कशावरून मानायचे. वकांडाचे वर्णन करणाऱ्यांपैकी यी-काई टी आणि लुईझ रोशा हे दोघे पुढच्या शोधनिबंधातही सहभागी होते. टी हे त्या वेळी सिडनी विद्यापीठात संशोधन करीत होते, तर रोशा हे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये मत्स्यसंग्रहाचे काम पाहतात.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मासे हवेत, आणि हा मासा राहतो ४० ते ७० मीटर खोलीवर. प्रवाळ भित्तीच्या वरच्या भागात, म्हणजे साधारण ३० मीटरपर्यंत, नेहमीची हवेची टाकी पाठीवर घेऊन उतरता येते आणि म्हणूनच प्रवाळांविषयीचे आजवरचे बहुतेक ज्ञान त्याच थराचे आहे. त्याखाली सुमारे १५० मीटरपर्यंत जो पट्टा पसरतो त्याला मंदप्रकाशी पट्टा म्हणता येईल; तेथे सूर्यप्रकाश पोचतो, पण इतका क्षीण की प्रवाळांचे प्रकार बदलतात, माशांची घडण बदलते आणि मुख्यतः निळा प्रकाशच उरतो. पाणी तांबड्या प्रकाशाला वरच्या थरांतच शोषून घेत असल्यामुळे जो मासा वर आणल्यावर लालभडक दिसतो तो आपल्या घरी काळपट आणि नजरेत न भरणारा असतो. (फेअरी रासची गोष्ट इथे थोडी निराळी आहे. त्यांच्यातील काही जातींचे अंग निळा प्रकाश शोषून गडद तांबडा प्रकाश बाहेर टाकते, आणि हा स्वतःचा तांबडा रंग त्यांना दिसतो व नर त्याला प्रतिसादही देतात असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले आहे.)

या पट्ट्यात उतरणे हे वैज्ञानिक कौशल्याइतकेच शरीरशास्त्राशी झुंजण्याचे काम आहे. साठ मीटर खोलीवर पाणबुड्याच्या अंगावर पृष्ठभागाच्या सातपट दाब असतो. त्या दाबाखाली साध्या हवेतील नायट्रोजन मेंदूवर नशेसारखा परिणाम करतो आणि खोली वाढत जाईल तसा ऑक्सिजनसुद्धा विषारी ठरू लागतो, म्हणून श्वसनवायूत हेलियम मिसळून त्या दोहोंचे प्रमाण कमी ठेवावे लागते. त्यासाठी ‘रीब्रीदर’ हे उपकरण वापरले जाते. यात पाणबुड्याने सोडलेला श्वास पाण्यात न जाता एका बंद चक्रात फिरतो, त्यातील कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम या रसायनात शोषला जातो, खर्ची पडलेला ऑक्सिजन संवेदकांच्या साहाय्याने मोजून पुन्हा घातला जातो, आणि तोच वायू परत श्वासासाठी येतो. बुडबुडे उठत नसल्याने मासे बुजत नाहीत हा आणखी एक लाभ. तरीही तळाशी मिळणारी मिनिटे मोजकीच असतात, कारण दाबाखाली शरीरात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून वर येताना ठरावीक खोल्यांवर थांबत थांबत काही तास घालवावे लागतात. त्या मोजक्या मिनिटांत हातजाळीने हवा तो बोटभर मासा, तोही खचात दडी मारणारा, पकडायचा असतो.

मासा वर आल्यानंतरचे काम तातडीचे असते. माशाचे खरे रंग मृत्यूनंतर थोड्याच वेळात उतरू लागतात आणि जतन करण्याच्या द्रवात तर बहुतेक नाहीसेच होतात. म्हणून भूल दिलेल्या माशाचे पर टाचण्यांनी पसरवून धरतात, त्यांच्यावर कुंचल्याने फॉर्मॅलिन लावून ते ताठ करतात आणि मग टाचण्या काढून, मासा जिवंतपणी जसा दिसतो त्याच्या शक्य तितक्या जवळ जाणारे छायाचित्र घेतात. फॉर्मॅलिन हे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण असून ते प्रथिनांना घट्ट करते आणि ऊतींचे सडणे थांबवते. मात्र ते जनुकीय द्रव्याची, म्हणजे डीएनएची, हानी करते. त्यामुळे मासा त्यात बुडवण्यापूर्वीच त्याच्या पराचा किंवा स्नायूचा लहानसा तुकडा कापून वेगळ्या कुपीत, तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवला जातो. हा क्रम उलटा झाला तर तो मासा मोजमापांना उपयोगी राहतो, पण जनुकीय तपासणीला जवळजवळ मुकतो. रँडल आणि एमरी यांच्या काळात, आणि त्याआधीच्या शंभर वर्षांत, असा तुकडा वेगळा काढण्याचे कारणच नव्हते, आणि जगभरच्या संग्रहालयांतील लाखो जुने मासे आजच्या जनुकशास्त्राला अवघड होऊन बसले आहेत त्याचे हे एक कारण आहे. काही दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहिल्यावर मासा पाण्याने धुऊन सुमारे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवला जातो आणि, बरणीतील द्रव आटू न दिल्यास, तेथे तो शतकभर टिकतो.

यानंतर मोजमापे सुरू होतात आणि बाहेरच्या माणसाला ती कंटाळवाणी वाटणे स्वाभाविक आहे. माशाची प्रमाण लांबी घेतली जाते. ती मुस्कटाच्या टोकापासून शेपटीचा पर जेथे सुरू होतो तेथपर्यंत मोजतात, कारण शेपटीची टोके तुटलेली असू शकतात. डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, अंगाची उंची, पराच्या प्रत्येक काट्याची उंची यांची मापे या प्रमाण लांबीच्या टक्केवारीत मांडली जातात, म्हणजे लहान व मोठ्या माशांची तुलना करता येते. पाठीवरच्या परात पुढे कठीण काटे आणि मागे लवचीक कांड्या, ज्यांना अर म्हणतात, असे दोन भाग असतात. फेअरी रासमध्ये ते जवळजवळ नेहमीच ११ काटे आणि ९ अर असे भरतात, त्यामुळे येथे नुसती संख्या जाती ओळखण्यास उपयोगी पडत नाही. खवल्यांची मोजणी अधिक बोलकी ठरते. माशाच्या कुशीवर पार्श्वरेषा नावाची छिद्रयुक्त खवल्यांची ओळ असते, जिच्यामुळे त्याला पाण्याची हालचाल जाणवते; फेअरी रासची ही रेषा पाठीच्या पराच्या शेवटाशी तुटते आणि खालच्या पातळीवर शेपटीच्या देठावर पुन्हा सुरू होते, तेव्हा दोन्ही तुकड्यांतील खवले स्वतंत्र मोजावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकाने एकेक खवला किंचित उचलून, नमुन्यामागून नमुना अशी ही मोजणी चालते, आणि गळून पडलेल्या खवल्याची जागाही मोजणीत धरावी लागते. मणक्यांची संख्या क्ष-किरण छायाचित्रावरून मोजतात.

मालदीवच्या माशाबाबत अशा तपासणीतून फरकांचा एक संचच हाती आला. पूर्ण वाढलेल्या नराचे रंग, पाठीच्या परातील काट्यांची उंची आणि अंगाच्या निरनिराळ्या भागांवरील खवल्यांची संख्या या सर्व बाबतींत तो चागोसच्या माशाहून वेगळा ठरला, आणि वकांडाहूनही. त्याच्या जोडीला जनुकीय पुरावा उभा राहिला. पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांत, स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो तुलनेने लवकर बदलत असल्याने जवळच्या जातींतील अंतर मोजण्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ तो आवर्जून वापरतात. बाह्य लक्षणे व जनुके यांनी एकच निर्वाळा दिला की मग नवी जाती जाहीर करण्यास बळ येते.

तरीही येथे एक अडचण शिल्लक राहते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. परस्परांत संकर करून प्रजननक्षम संतती देणारे जीव एका जातीचे, ही जातीची व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडली आणि पाठ्यपुस्तकांत आजही तीच शिकवली जाते. झांझिबार, मालदीव आणि चागोस येथील मासे मात्र कधी एकमेकांना भेटतच नाहीत. भेटले तर त्यांचा संकर होईल की नाही, याची निसर्गात परीक्षा होणे शक्य नाही. अशा वेळी वर्गीकरणशास्त्रज्ञ तुलनेचा आधार घेतात, म्हणजे त्याच प्रजातीतील निर्विवादपणे वेगळ्या मानल्या गेलेल्या जातींत जितका फरक आढळतो तितका किंवा त्याहून अधिक फरक येथे सातत्याने आढळतो काय, हे पाहतात. उत्तर होकारार्थी असले तर वेगळी जाती मानणे सयुक्तिक ठरते. म्हणजेच प्रत्येक जाती हा एक भक्कम पुराव्यानिशी मांडलेला अंदाज असतो, आणि मालदीवच्या माशाला पूर्वी मिळालेले नाव हाही असाच, तुटपुंज्या पुराव्यावर मांडलेला अंदाज होता.

मुळात हे मासे एकमेकांपासून इतके दूर कसे पडले, हे कोडे भूविज्ञानाच्या अंगाने पाहिले की मराठी वाचकाच्या पायाखालची जमीनच त्यात येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आज रियुनियन बेट आहे त्या परिसरातील एका तप्त स्थळावरून सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून तेथे उसळलेल्या लाव्हाचे थर म्हणजेच सह्याद्री आणि दख्खनचे पठार. भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, तप्त स्थळ जागच्या जागी धुमसत राहिले, आणि त्यामुळे दख्खनच्या दक्षिणेला ज्वालामुखींची जी ओळ उठली तिच्या बुडालेल्या माथ्यांवर प्रवाळांनी क्रमाने लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही कंकणद्वीपे रचली. मालदीवची राजधानी माले आणि चागोस यांमध्ये हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. अंड्यातून निघालेली फेअरी रासची पिल्ले काही आठवडे उघड्या समुद्रात वाहत असतात, तेव्हा एखादे पिल्लू क्वचित हे अंतर ओलांडूही शकेल. पण क्वचित होणारी ये-जा दोन वस्त्यांना एकजिनसी ठेवण्यास पुरी पडत नाही. हिमयुगांच्या काळात समुद्राची पातळी वारंवार खाली गेली, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती, आणि प्रत्येक चढउताराबरोबर प्रवाळ भित्तींचे तुकडे होत व जुळत राहिले. फेअरी रासच्या साठाहून अधिक जाती भूवैज्ञानिक मापाने अलीकडेच आणि झपाट्याने निर्माण झाल्या, असे टी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासातून दिसते, आणि समुद्रपातळीच्या या चढउतारांचा त्यात वाटा असावा असे मानले जाते.

नव्या जातीला नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेत घालून दिलेले आहेत. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ कार्ल लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ पासून, धरला जातो आणि एकाच जातीला दोन नावे मिळाली असतील तर जुने ग्राह्य मानले जाते. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक नव्या जातीसाठी आधारभूत नमुना स्पष्टपणे नमूद करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे सांगणे बंधनकारक आहे. या नमुन्याला होलोटाइप म्हणतात, आणि सोबत तपासलेल्या इतर नमुन्यांना पॅराटाइप. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या पट्टीने पूर्वी मीटरची लांबी ठरत असे, तसे होलोटाइपने नावाचा हक्क ठरतो: पुढे कितीही वाद झाले तरी ते नाव त्या एका माशाला चिकटलेले राहते. म्हणूनच मालदीवचा मासा वेगळा निघाला तेव्हा रुब्रिस्क्वामिस हे नाव चागोसच्या त्या पिल्लाकडेच राहिले आणि इतकी वर्षे ते वापरणाऱ्या मालदीवच्या माशाला नवे नाव शोधावे लागले.

ते नाव ‘सिरिलॅब्रस फिनिफेन्मा’ असे ठेवण्यात आले. मालदीवच्या दिवेही भाषेत या शब्दाचा अर्थ गुलाब. गुलाबी गुलाब हे त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे आणि माशाच्या अंगावरही गुलाबी छटा आहेत. शास्त्रीय नावे लॅटिन किंवा ग्रीकमधूनच घ्यावीत असा संहितेचा आग्रह नाही, तरी मालदीवच्या पाण्यातील जातींना दिवेही नावे मिळाल्याची उदाहरणे फारच थोडी. त्याहून महत्त्वाची बाब लेखकांच्या यादीत आहे. टी, रोशा आणि जोसेफ रोलेट यांच्याबरोबर या शोधनिबंधाचे लेखक असलेले अहमद नजीब हे मालदीव सागरी संशोधन संस्थेतील जीवशास्त्रज्ञ असून, मालदीवच्या समुद्रातून वर्णन झालेल्या शेकडो जातींपैकी स्थानिक संशोधकाच्या सहभागाने अधिकृतपणे वर्णन झालेली ही पहिलीच जाती ठरली. त्याआधीचे नमुने परदेशी मोहिमांनी पकडले, परदेशी संग्रहालयांत नेले आणि परदेशी विद्वानांनी त्यांची वर्णने केली, असा शिरस्ता होता. वसाहतकाळातील भारतीय मत्स्यशास्त्रही याच वाटेने गेले. फ्रान्सिस डे यांचा १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेला भारतीय माशांवरील ग्रंथ आजही अभ्यासकाला हाताशी ठेवावा लागतो, पण त्यांनी वर्णिलेले अनेक नमुने पाहायचे तर लंडनसारख्या परदेशी संग्रहालयांची दारे ठोठवावी लागतात. वर्णनाचे काम स्थानिक संस्थांकडे येणे हा केवळ मानाचा प्रश्न नाही. ज्याला त्या पाण्यात वर्षभर उतरता येते, कोळ्यांच्या आणि मासे पकडून निर्यात करणाऱ्यांच्या हाती काय लागते हे ज्याच्या कानावर येत असते, त्याला परदेशी पाहुण्याच्या दोन आठवड्यांत न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात.

निर्यातीचा उल्लेख ओघाने आला, पण तो मुद्दा मोठा आहे. फिनिफेन्मा मासा विज्ञानाने ओळखण्याआधीच बाजाराने ओळखला होता. शास्त्रीय नाव मिळाले तेव्हा तो शोभेच्या माशांच्या जागतिक व्यापारात विकला जात होता, आणि रोशा यांनी त्याबद्दल जाहीरपणे अस्वस्थता व्यक्त केली. या व्यापाराने त्याची संख्या घटली आहे असा निष्कर्ष काढण्याजोगी मोजणी झालेली नाही, आणि या माशांची पैदास व वाढ वेगाने होत असल्यामुळे मर्यादित पकड ते सोसूही शकतील. परंतु चागोसपर्यंत पसरलेली एक जाती आणि मालदीव परिसरापुरती एक जाती यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती विस्तृत सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केल्यावर तेथे व्यापारी मासेमारी बंद झाली. दोन्हीकडचे मासे एकाच जातीचे समजले जात होते तोवर त्या जातीचा मोठा हिस्सा सुरक्षित आहे असे कागदावर म्हणता येत होते. जाती वेगळ्या निघाल्या तेव्हा दोघींचाही पसारा पूर्वी मानला त्यापेक्षा बराच लहान ठरला आणि चागोसचे संरक्षण मालदीवच्या माशाच्या काही उपयोगाचे नाही हे उघड झाले.

याच प्रकारची पाहणी भारतीय पाण्यात अजून फारशी झालेली नाही. लक्षद्वीप ही मालदीवच्याच रांगेची उत्तरेकडची कडी आहे आणि तिच्या बेटांचे बाहेरचे उतार थेट मंदप्रकाशी पट्ट्यात उतरतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात बुडालेला आंग्रे बँक हा प्रवाळांचा विस्तीर्ण उंचवटा असून त्याचा माथाच मुळी वीसेक मीटर खोल आहे, तेव्हा त्याच्या कडांवर त्याहून खाली काय राहते हे पाहण्यासाठी रीब्रीदर वापरणारे प्रशिक्षित पाणबुडे, त्यांना पुरेल असा हेलियमचा साठा आणि अपघात झाल्यास जवळपास दाबकक्षाची सोय, इतके सारे जुळून यावे लागेल. ही सामग्री खर्चिक आहे, पण दुर्मीळ नव्हे. त्याहून कठीण आहे ते हाती आलेला मासा कोणाशी ताडून पाहायचा हे ठरवणे, कारण त्यासाठी लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका, चागोस आणि पूर्व आफ्रिका येथील नमुने एकाच टेबलावर यावे लागतात. मालदीवच्या ज्या बुड्यांमध्ये फिनिफेन्मा पुन्हा नोंदवला गेला त्यांतच आणखी किमान आठ संभाव्य नव्या जाती आढळल्याचे संशोधकांनी सांगितले आहे, आणि त्यांतील प्रत्येकीसाठी हीच छाननी, एकेक खवला उचलून मोजण्यापर्यंत, नव्याने करावी लागणार आहे.